येतेर हाला खुडूक बसते

माझ्या आजोबांना लागोपाठ मुलीच झाल्या. चौथी झाली तेव्हा त्यांनी तिचं नाव येतेर ठेवलं. येतेर म्हणजे पुरे. आमच्याकडे तुर्कस्तानात अशी नावं ठेवतात; नाव ऐकून देवाला कळावं एवढीच अपेक्षा. देवाला काही कळलं नाही. येतेरच्या पाठीवर आणखी दोन मुली आल्या, आणि सगळ्यात शेवटी, कंटाळत कंटाळत, माझे वडील आले.

म्हणून येतेर माझी हाला, म्हणजे आत्या. पण आमचं सगळं गेलेमिश गाव तिला हालाच म्हणतं, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा.

"माझं नाव म्हणजे वर केलेला अर्ज होता," ती म्हणते. "तो कुणी वाचला नाही. तेव्हापासून मी काय बोलते ते कुणी ऐकतच नाही." हे ती अशा आवाजात म्हणते की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसतात.

आजोबांनी वाटण्या केल्या तेव्हा डोंगराकडची चांगली जमीन माझ्या वडिलांना दिली आणि समुद्राकडची वाळूची मुलींना. किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत बापांनी हेच केलं होतं. पुढे पर्यटक आले आणि इतर गावांतल्या त्या पोरी हॉटेलांच्या मालकिणी झाल्या. त्यांचे भाऊ त्यांच्याकडेच कामाला लागले. हालाला तेही सुख मिळालं नाही. तिच्या तुकड्याच्या पोटात पातारा हे जुनं शहर आहे, आणि समोरच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात. तिथे हॉटेल सोडा, कोंबड्यांचं खुराडंही बांधता येत नाही.

खुराड्याचं मी उगाच म्हणत नाही. त्या वर्षी वसंतात कोल्हा फार माजला होता. हालाचं घर गावाच्या टोकाला, त्या जमिनीला लागून. कोंबड्या अंगणात मोडक्या पेटाऱ्यात झोपायच्या, आणि दर थोड्या दिवसांनी एखादी कमी व्हायची. शेवटी हालानं कामिल एनिश्तेला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, खुराड्यासाठी खांब रोवायला लावलं. त्यानं खड्डा खणायला घेतला आणि कुदळ ठण्णकन वाजली. खाली कोरीव संगमरवर होता.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं माती लोटून बाजूला दुसरा खड्डा घेतला असता. पण कामिल एनिश्ते उन्हाळाभर पाताऱ्याच्या खोदकामावर हातगाडीनं वाळू काढायला जातो, आणि माणूस असा की रस्त्यात सापडलेलं बटणसुद्धा विचारत विचारत मालकाला देऊन येतो. तो स्वतः जाऊन तिथल्या साहेबांना सांगून आला. दुसऱ्या दिवशी ब्रश आणि दोऱ्या घेऊन माणसं हजर. त्यांनी जमिनीपुढे अगदी नमाजाला बसल्यासारखे गुडघे टेकले आणि सगळीकडे दोरी बांधून टाकली.

"दुसऱ्या बायकांचे नवरे परक्या बायकांकडे जातात," हाला गावभर सांगत फिरली. "माझा खोदकामवाल्यांकडे गेला."

"न्हाणीघर होतं म्हणे तिथे. रोमन लोकांचं," एनिश्ते म्हणाला.

"त्यांना कुणी परवानगी दिली बांधायला?"

"त्या वेळच्या राजानं दिली असेल."

"मग बोलाव त्याला. माझं खुराड्याचं त्याच्याशीच बोलते."

त्यानंतर जूनच्या सुरुवातीला हालाची सगळ्यात लाडकी कोंबडी नाहीशी झाली. ठिपक्यांची, गुबगुबीत, पायऱ्या चढतानाही पाय मोजून टाकणारी. तिला हाला हानिम म्हणायची, म्हणजे बाईसाहेब. सकाळी उजाडायच्या सुमारास हालानं पेटारा उघडला, तर बाईसाहेब नाहीत, आणि अंगणाबाहेर ठिपक्यांची दोन-तीन पिसं, पुढे वाटेवर आणखी.

हालानं काठी घेतली आणि तशीच निघाली. पिसांच्या मागोमाग पाताऱ्याच्या तीन कमानींच्या दरवाजातून, थडग्यांच्या बाजूनं, दगडी नाट्यगृहाला वळसा घालून वाळूच्या टेकड्यांवर. ही वाट तिला डोळे मिटून पाठ होती, कारण लहानपणी ती इथेच शेळ्या चारायची. पण लग्नानंतर ती समुद्रावर कधी गेली नव्हती. आमच्या बायकांना तिथे काम काय? सकाळी टोमॅटोचं पॉलीहाऊस, दुपारी स्वयंपाक, संध्याकाळी पुन्हा पॉलीहाऊस. समुद्र घरापासून चालत अर्ध्या तासावर, आणि तिनं तो वर्षानुवर्षं फक्त ऐकला होता.

टेकडी उतरली तर समोर कोल्हा. पाठमोरा, मान खाली, पुढच्या दोन्ही पायांनी वाळू उकरत होता.

"पुरतोस होय रे माझ्या हानिमला," असं ओरडत हालानं काठी फेकली, मग एक चप्पल, मग दुसरी. कोल्हा घाबरून पळाला वगैरे नाही. जेवणाच्या सुट्टीतून कुणी हाक मारून उठवलेला कारकून उठतो तसा उठला, एकदा मागे वळून बघितलं, आणि टेकडीमागे गेला.

हाला खड्ड्यापाशी बसली आणि हातांनी वाळू काढू लागली. कोंबडी अर्धी खाल्लेली असली तरी तिला घरी न्यायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना काहीतरी गोल, मऊसर लागलं. पांढरं अंडं. त्याच्या खाली आणखी, बाजूला आणखी.

तेवढ्यात मागून आवाज आला, "तेयझे, हात बाहेर काढा. लगेच."

शहरातली माणसं कुठल्याही वयस्क बाईला तेयझे म्हणतात, म्हणजे मावशी. ही इपेक होती, अंकाराहून कासवांच्या कामाला आलेली मुलगी. दर उन्हाळ्यात विद्यापीठातून अशी मुलं येतात आणि सकाळी किनाऱ्यावर कासवांच्या खुणा शोधत फिरतात. तिला दिसलं ते असं: कासवाचं घरटं उकरलेलं, आणि एक बाई अनवाणी, कोपरापर्यंत हात घालून बसलेली.

"काय करताय तुम्ही?"

"माझी कोंबडी शोधतेय."

"वाळूत?"

"मग काय झाडावर शोधू? कोल्ह्यानं पुरलीय."

इपेकनं एकदा हालाकडे बघितलं, एकदा वाळूत उमटलेल्या कोल्ह्याच्या पावलांकडे, आणि लांब पडलेल्या चपलांकडे. मग तिला हसू आवरेना. ती शेजारी बसली आणि वाळू परत हळूहळू भरू लागली. वर आलेलं अंडं हालानं पुसून, उलटंपालटं करून बघायला घेतलं, तर इपेकनं तिचा हात धरला.

"फिरवू नका. जसं होतं तसंच ठेवा."

"अगं, अंडी फिरवावी लागतात. कोंबडी रोज फिरवते. तुला कोण शिकवतं हे सगळं?"

"कोंबडीची फिरवायची. ही फिरवली तर आतलं पिल्लू मरतं."

हालाला हे मुळीच पटलं नाही, पण तिनं अंडं जसं होतं तसं ठेवलं. जन्मात पहिल्यांदा ती कोंबड्यांच्या विषयात गप्प बसली असेल.

कोल्हा परत येणार हे दोघींनाही माहीत होतं. घरट्यावर लावायची लोखंडी जाळी किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला होती. इपेक म्हणाली, "मी आणते. तेवढा वेळ बसाल का इथे? पाच मिनिटं."

हाला बसली. टेकडीमागे उभी केलेली कासववाल्यांची जीप बंद पडलीय हे इपेकला तिथे पोचल्यावर कळलं. आमचा किनारा किती लांब आहे हे ज्यानं चालून बघितलंय त्याला पुढचं सांगायला नको.

मी गावातून किनाऱ्यावर मिनीबस चालवतो. सकाळची पहिली फेरी घेऊन पोचलो तर शाकिर धावत आला. शाकिरचं गावात चहाचं दुकान आहे. मासे पकडायचं निमित्त करून तो सकाळी किनाऱ्यावर येतो. मासा कधी मिळत नाही, बातमी मिळते.

"तुझी हाला," तो म्हणाला, "कासवाच्या अंड्यांवर खुडूक बसलीय."

मी जाऊन बघितलं. खरंच. डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून, सलवारीचा घोळ चारी बाजूंनी पसरून हाला वाळूत मांडी घालून बसली होती. एक जर्मन गृहस्थ छत्री रोवायला जरा जवळ आले, तर तिनं असा काही हात उगारला की ते छत्रीसकट आले त्या वाटेनं परत गेले. त्यांच्या बायकोनं लांबून नम्रपणे मान लववली. तिला वाटलं असावं ही सरकारी अधिकारी आहे.

"हाला, घरी चल. मी सोडतो," मी म्हणालो.

"ती पोरगी येईपर्यंत हलणार नाही. शब्द दिलाय."

"ऊन चढलंय."

"मग तुझ्या एनिश्तेला सांग. म्हणावं, बायको उन्हात बसलीय. बघू, ऐकतो का."

दुसऱ्या फेरीला एनिश्ते माझ्याशेजारी मांडीवर टोपली घेऊन बसलेला होता. पोळ्या, पांढरं चीज, टोमॅटो, ऑलिव्ह, आणि बाटलीत ताक. द्राक्षाच्या मांडवाची जुनी ताडपत्रीही आणली होती. त्यानं ती दोन काठ्यांवर ताणून हालाच्या डोक्यावर सावली केली आणि काही न विचारता शेजारी बसला. काही न विचारणं ही त्याची खासियत आहे. हाला म्हणते, त्याच्या जागी एखादा खांब असता तर निदान त्याला दोरी बांधता आली असती.

दोघं जेवली. समुद्र तसा शांत होता.

"आपण इथे कधी आलो होतो का रे?" हालानं विचारलं.

"तू नव्हती आलीस. मी येतो कधी कधी. हातगाडी ठेवून, हातपाय धुवायला."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

हालानं ताकाची बाटली तोंडाला लावली. मग म्हणाली, "इथे बसायला बरं वाटतं. घरात तुझ्याकडे बघून राग येतो. इथे येत नाही."

"इथे तू माझ्याकडे बघत नाहीयेस," एनिश्ते म्हणाला. हाला हसली. मी बसच्या वेळेचं निमित्त काढून उठलो.

दुपारच्या सुमाराला इपेक आली. घामानं निथळत, जाळी पाठीवर घेऊन. माफी मागता मागता तिला रडू यायचं बाकी होतं. हालानं तिच्या हातात उरलेली पोळी कोंबली आणि म्हणाली, "आधी खा. मग रड."

जाळी बसली. काम संपलं. पण गावानं त्या दिवसापासून हालाला चैन पडू दिलं नाही. ती चहाच्या दुकानापुढून गेली की शाकिर हातातली पेला-बशी खाली ठेवून विचारायचा, "हाला, किती दिवस राहिले?" कुणी विचारायचं, "ऊब पुरतेय ना? रजई हवी का?" ती शिव्या घालत पुढे जायची. जायची मात्र समुद्राच्याच वाटेनं. रोज. "कोल्हा बघायला," असं म्हणायची. कोल्हा बघायला जाताना बायका ताकाची बाटली आणि विणकाम नेतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

जून संपता संपता आणखी एक गोष्ट झाली. खोदकामवाल्यांनी दोरी बांधलेल्या खड्ड्यातून एनिश्तेला बारीक चिवचिव ऐकू आली. त्यानं वाकून बघितलं. रोमन न्हाणीघराच्या कोपऱ्यात, कोरीव दगडाच्या आडोशाला, हानिम बसलेली होती. अंगाखाली पिल्लं. बाईसाहेबांना कोल्ह्यानं नेलंच नव्हतं. त्या स्वतःहून घर सोडून, राजाचीही परवानगी न घेता, पाताऱ्यात राहायला गेल्या होत्या. हालाला मिळालेली पिसं कुठल्या तरी रानपाखराची असावीत.

हे कळल्यावर शाकिरनं त्या दिवशी दुकानात सगळ्यांना चहा पाजला. "म्हणजे एकाच वेळी दोघी खुडूक होत्या," तो म्हणाला. "एक दगडात, एक वाळूत."

हालाला राग यायला हवा होता. ती नुसती खड्ड्याकाठी उभी राहून हानिमकडे बघत होती. मग म्हणाली, "मी तुझ्यासाठी कोल्ह्यामागे धावले, भवाने, आणि तू इथे निवांत," आणि घरून बाजरी आणायला गेली.

खुराड्याचा प्रश्नही त्याच आठवड्यात सुटला. इपेककडे वाकलेल्या, टाकून द्यायच्या काही जाळ्या होत्या. एनिश्तेनं त्या तारेनं एकमेकींना बांधून टोमॅटोच्या क्रेटवर उभ्या केल्या. जमिनीत एक खिळासुद्धा नाही. खोदकामाचे साहेब येऊन चारी बाजूंनी फिरले, खाली वाकून बघितलं, आणि हरकत घ्यायला काही सापडेना, म्हणून चहा पिऊन गेले.

आता हालाला किनाऱ्यावर जायचं कारण उरलं नव्हतं. कोंबडी घरी, कोल्हा बाहेर, घरट्यावर जाळी. तरी ती जात राहिली, आणि आता कारणही सांगेना. इपेक सकाळच्या फेरीवरून परतताना तिच्याजवळ बसायची. हाला तिला विणायला शिकवायची, ती हालाला कासवांचं सांगायची. मी एकदा कान दिला तर विषय निघाला होता इपेकचं लग्न का होत नाही हा. कासवं कुठच्या कुठे राहिली होती.

ऑगस्ट लागला तेव्हा एका पहाटे इपेकचा फोन आला. "तेयझेला घेऊन या. वाळू हललीय."

मी हालाला आणि एनिश्तेला बसमध्ये घातलं. शाकिर आणि त्याची बायको बुल्बुल वाटेत उभेच होते. कुणी सांगितलं विचारू नका. पोचलो तेव्हा उजाडलं होतं. जाळीखालची वाळू मधोमध खचलेली, आणि त्यातून एक काळपट डोकं वर आलेलं. मग एक पंजा. मग एकदम तीन-चार, एकमेकांच्या अंगावर पाय देत. अक्रोडापेक्षा थोडी मोठी. हाला गुडघ्यांवर बसली.

"यांची आई कुठाय?" तिनं विचारलं.

"केव्हाच गेली. अंडी घातल्यावर लगेच."

"परत बघायलाही नाही आली?"

"नाही येत त्या."

"म्हणजे मी एकटीच होते," हाला म्हणाली. कुणी हसलं नाही, शाकिरसुद्धा.

जाळीच्या भोकांतून बाहेर पडून पिल्लं समुद्राकडे निघाली. इपेकनं सगळ्यांना बजावलं होतं की हात लावायचा नाही, उचलायचं नाही, वाटेत यायचं नाही. हाला त्यांच्या बाजूबाजूनं, वाकून, काठी आडवी धरून चालू लागली. वर सीगल घिरट्या घालत होते; ती त्यांच्याकडे काठी उगारायची आणि पुन्हा वाकायची. एक पिल्लू कुणाच्या तरी पावलाच्या खळग्यात उताणं पडलं आणि पंजे हलवत राहिलं. हालानं इपेककडे बघितलं. इपेकनं मानेनं नाही म्हटलं. हाला तिथेच उकिडवी बसली आणि बोलायला लागली, "ऊठ. ऊठ बाळा. असं नाही, डावीकडून. डावीकडून, गाढवा." ते बराच वेळ धडपडलं आणि उजवीकडून उठलं.

"एकानंही मागे वळून बघितलं नाही," हाला म्हणाली. "आमची पोरगी अंताल्याला गेली तेव्हा तिनं बसमधून हात तरी केला होता."

पहिली लाट आली आणि पुढची पिल्लं एकदम नाहीशी झाली. हाला थबकली. मग तिनं काठी टाकली आणि त्यांच्यामागे पाण्यात शिरली. अंगभर कपडे, डोक्याला रुमाल, पायात चपला. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. तिला पाण्यात काय बघायचं होतं कोण जाणे. दुसरी लाट जरा मोठी होती. सलवारीत हवा भरून ती फुग्यासारखी फुगली, हाला आडवी झाली आणि आम्हाला फक्त रुमाल दिसू लागला.

एनिश्ते धावला. त्याला धावताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. बुटांसकट आत गेला, तिला काखेत धरून उभं केलं. हालाच्या नाकातोंडातून पाणी येत होतं.

"केवढं खारट आहे हे," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही."

"तू विचा..." एनिश्तेनं सुरुवात केली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून वाक्य गिळलं. मग दोघंही हसायला लागली, कमरेइतक्या पाण्यात एकमेकांना धरून. काठावर इपेक डोळे पुसत होती आणि वही भिजू नये म्हणून ती डोक्यावर धरून उभी होती.

सप्टेंबरात विद्यापीठाची मुलं परत गेली. इपेकनं हालाला एक पोहण्याचा चष्मा दिला, जाताना. हालानं तो आधी कांदे कापायला वापरला. पण पॉलीहाऊसमधलं काम आटोपल्यावर, उन्हं कलती झाली की ती माझ्या शेवटच्या फेरीत बसू लागली. मग बुल्बुल यायला लागली, मग तिची सून, मग पलीकडच्या गल्लीतल्या दोघी. आता बस भरून बायका जातात. किनाऱ्याच्या एका टोकाला, कपड्यांसकट, गळ्यापर्यंत पाण्यात बसतात. लांबून बघणाऱ्याला पाण्यावर फक्त रंगीत रुमाल दिसतात आणि बोलण्याचा कलकलाट ऐकू येतो. सुना, सासवा, टोमॅटोवरची कीड, कुणाच्या घरी साखरपुड्याचं सरबत वाटलं, सगळं तिथेच निकालात निघतं.

हाला आता पाठीवर तरंगते. शिकवलं कुणी नाही. म्हणते, लाटेनं पाडलं तेव्हाच जमलं होतं, तुम्ही घाईनं बाहेर काढलंत.

एनिश्ते काठावर चहाची किटली सांभाळत बसतो. परवा त्यानं तिथूनच विचारलं, "गार आहे का गं पाणी?"

"येऊन बघ," हाला डोळे न उघडता म्हणाली.

त्यानं किटलीचं झाकण नीट बसवलं, बूट काढून शेजारी जोडीनं ठेवले, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला घेतली.